वेळासच्या पडवीत

पहाटे साडेचारला वेळासच्या घरांतून धूर निघायला लागतो. न्हाणीघरातल्या चुलीवर पाणी तापत असतं. जळण घरच्या वाडीतलंच, वाळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या. आत घावनांचं पीठ रात्रीच वाटून ठेवलेलं असतं आणि चहाचं आधण बारा-पंधरा माणसांचं असतं. ओटीवर, पडवीत आणि मधल्या खोलीत ओळीनं गाद्या घातलेल्या असतात. त्यांवर झोपलेली पुण्या-मुंबईची माणसं आदल्या दिवसापर्यंत या घराला अनोळखी होती. सातच्या सुमाराला किनाऱ्यावरच्या कुंपणातल्या टोपल्या उचलतात आणि रात्रीतून वाळूवर आलेली कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडतात. ते पाहायचं तर साडेसहाच्या आत घर सोडायला हवं. म्हणून घरच्या बाईनं साडेचारला उठायचं.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कमीजास्त प्रमाणात हे असंच चालतं. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते तिच्या दक्षिणेला हे गाव आहे. जांभ्या दगडाची आणि कौलांची घरं, मागे नारळ-सुपारीच्या वाड्या, आणि किनारा गावापासून थोडा दूर. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचं हे गाव. त्यांचा पुतळा गावात आहे. इंग्रजांविरुद्ध नानांनी जी चौकडी उभी केली तिच्यात नागपूरचे भोसलेही होते, हे आम्हा नागपूरकरांना शाळेत शिकवलं जातं. नानांचं गाव कुठं आहे, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला, 'परक्या घरात'. मी नागपूरच्या रामदासपेठेत राहते. इथे दर चार पावलांवर रुग्णालयाची पाटी दिसते. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाहून, पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहून माणसं इथे उपचाराला येतात. रुग्ण आत असतो आणि त्याच्यासोबत आलेल्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी असते. आमच्या आसपासच्या काही जुन्या बंगल्यांत मागच्या खोल्या अशा लोकांना दिल्या जातात. पैसे घेऊन परक्याला घरात घ्यायचं आणि तरी घर घरच ठेवायचं, हे कसं जमतं याचा विचार मला त्या खोल्या पाहूनच सुरू झाला. आपल्या राज्यात एका अख्ख्या गावानं हे करून दाखवलं आहे ते वेळासनं, म्हणून तिकडे जायचं ठरवलं.

झिरो माइलपासून खाडीपर्यंत

झिरो माइलच्या खांबापासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. आता निदान नागपूरहून मडगावला जाणारी गाडी आहे. ती वऱ्हाड-खानदेश ओलांडून, कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेच्या रुळांवर येते. खेडला उतरलं की पुढे रस्ता. मंडणगडपर्यंत एसटी बऱ्यापैकी मिळते. त्यापुढे मात्र वेळा विचारूनच निघावं लागतं. रायगडच्या बाजूनं येणारे लोक हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीनं गाडीसकट वेसवीला उतरतात. खाडी काही मिनिटांत पार होते आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचतो.

ही वाट अवघड होती म्हणूनच इथे हॉटेलं आली नाहीत. अशा टोकाच्या गावांत रात्री शेवटची एसटी यायची, चालक-वाहक गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत न्यायचे. आलाच एखादा वाटसरू, तर तो देवळात नाहीतर कुणाच्या ओटीवर राहायचा. परक्या माणसाला ओटीपर्यंत येऊ देणं ही इथल्या घराची जुनीच रीत आहे.

कोकणी घराची रचनाही त्याला धरून आहे. अंगणात मांडव, मग पायऱ्या चढून पडवी, तिच्या आत ओटी, ओटीच्या पलीकडे माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर. प्रत्येक उंबरठ्यापाशी येणाऱ्याचं नातं ठरतं. पोस्टमन पडवीपर्यंत, व्याही ओटीवर, लेक थेट चुलीपाशी. वेळासमधल्या पाहुण्याला ओटी मिळते आणि जेवणाच्या वेळी माजघरही. मी जिथे उतरले त्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी सगळं दाखवून दिलं. पिण्याचं पाणी या कळशीतलं, आंघोळीचं बंबातलं, मागच्या दारानं जायचं ते चपला घालून, आणि देवघरापुढच्या खोलीत झोपायचं नाही, तिथं सासूबाई असतात. कागदावर छापलेले नियम कुठेच नव्हते. घर कसं चालतं तेवढं त्यांनी सांगितलं, आणि त्यात कुठे बसायचं ते मला कळलं.

आधी कासव, मग पाहुणे

पाहुणे वेळासला आले ते कासवांमुळे, आणि कासवं राहिली त्यात पाहुण्यांचा वाटा मोठा आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचा अभ्यास करत कोकण किनारा पालथा घालत होते. त्या फिरतीत, २००२ मध्ये, वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या इथे अंडी घालायला येत होत्या आणि घातलेली अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे उकरून नेत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवाला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलं आहे. पण रात्रीच्या अंधारात निर्जन किनाऱ्यावर कायदा राखायला उभं कोण राहणार?

संस्थेनं गावातलीच माणसं उभी केली. पूर्वी ज्यांना अंडी कुठे असतात ते नेमकं ठाऊक होतं, त्यांच्या नजरेचा उपयोग राखणीसाठी झाला. पहिल्याच हंगामात ५० घरटी वाचली आणि अडीच हजारांहून जास्त पिल्लं समुद्रात गेली. तरीही एक अडचण उरत होती. राखणीला माणूस लागतो, आणि माणसाला मजुरी. गावाला यातून काही मिळत नसेल तर चार वर्षांनी उत्साह ओसरणार. म्हणून २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. लोकांनी पिल्लं पाहायला यावं, राहावं गावातल्या घरांत, जेवावं त्याच घरांत, आणि पैसे त्याच घरांत द्यावेत. पुढे वनविभाग आणि गावकरी यांनी ही जबाबदारी पेलली. आंजर्ल्यासारख्या गावांनी हीच वाट धरली.

मला या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती पैसा कुठे उतरला ही. तो कुठल्या निधीत गेला नाही, ठेकेदाराकडे गेला नाही. भाकरी भाजणाऱ्या घरात गेला. ज्या घरातला मुलगा पूर्वी चार अंडी घेऊन आला असता तर कुणी काही म्हटलं नसतं, त्या घरातली आईच आता त्याला दारात उभं करील. समुद्रकिनाऱ्यावरच्या वन्यजीवाचं रक्षण माजघरातून होऊ शकतं, हे वेळासनं दाखवलं.

जाळीपाशी

सकाळच्या अंधारात आम्ही किनाऱ्याकडे निघालो तेव्हा पुढे कासवमित्र होता. रात्री भरती-ओहोटीच्या बेतानं आणि पहाटे तो सगळा किनारा चालतो. मादी येऊन गेली असेल तर वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग असतो, समुद्राकडून वर आणि पुन्हा समुद्राकडे. मागाच्या वरच्या टोकाला ती दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगानं दाबते आणि निघून जाते. पिल्लांची आणि तिची भेट कधीच होत नाही.

कासवमित्र ती अंडी काढून जाळीच्या कुंपणात आणतो. हे काम काही तासांच्या आत व्हावं लागतं, आणि अंडं फिरवता येत नाही. आतला जीव कवचाला चिकटायला लागला की उलटंपालटं झालेलं अंडं जगत नाही. कुंपणात तेवढाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी पुरायची आणि तारखेची, अंड्यांच्या संख्येची पाटी लावायची. पंचेचाळीस ते साठ दिवस ती वाळूच्या उबेवर राहतात. पिल्लू नर होणार की मादी हेही त्या उबेवरच ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली उपडी ठेवतात, म्हणजे बाहेर आलेलं पिल्लू भरकटत नाही, कावळ्या-घारींच्या तोंडी जात नाही.

दोरीच्या अलीकडे पन्नास-साठ माणसं उभी होती. सूचना थोड्याच होत्या. दोरी ओलांडायची नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही. पहिली टोपली उचलली, खाली काही नव्हतं. दुसरीखालीही नाही. तिसऱ्या टोपलीखाली वाळूच्या रंगाहून थोडी काळी अशी सोळा पिल्लं होती. ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवली. थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण त्या चालण्यातूनच किनाऱ्याची ओळख त्यांच्यात ठसते असं मानलं जातं आणि मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्मकिनाऱ्याच्या आसपास परत येते. हजारातलं एखादं पिल्लू तेवढं मोठं होतं. एक पिल्लू सारखं उलट दिशेला वळत होतं. कुणीही त्याला हात लावला नाही. सगळे थांबले, आणि शेवटी एका लाटेनं त्याला नेलं.

पाण्यात गेल्यानंतरचं फारसं काही माहीत नव्हतं. २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं गेलं आणि तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. त्याच हंगामात आंजर्ल्याची 'सावनी' आणि गुहागरच्या काही माद्याही याच कामात सामील झाल्या. त्याहून मोठं आश्चर्य गुहागरनं दाखवलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्वेचा किनारा आणि पश्चिमेचा किनारा यांच्यात या प्राण्यांची ये-जा आहे. तीही इथली पाहुणीच, आणि फार लांबून आलेली.

नारळ खवणारे हात

पाहुण्यांविषयी लिहिणारे समुद्रावर लिहितात, घावनांवर लिहितात. घावनं कोण घालतं, यावर फार थोडं येतं. मी दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात बसायची परवानगी मागितली. काकू, त्यांची सून आणि शेजारून मदतीला आलेल्या एक वहिनी, अशा तिघींवर त्या दिवशी चौदा पानांची जबाबदारी होती. ओल्या काजूगराची उसळ, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. रात्री पाहुण्यांनी मोदक मागितले होते. चौदा माणसांना प्रत्येकी तीन धरले तरी बेचाळीस मोदक. नारळ खवायचे, सारण शिजवायचं, उकड मळायची, एकेक पारी हातानं करून मुखऱ्या काढायच्या; शेवटचा घाणा उतरेपर्यंत दोन बायकांची दुपार संपलेली असते.

"माणसं किती ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा, एवढंच मागणं असतं आमचं," काकू म्हणाल्या. "तांदूळ वाढवता येतो हो. नारळ खवायला हात कुठून वाढवायचे?"

पाहुण्यांसाठीचा दर माणशी असतो, खोलीमागे नसतो. त्यात मुक्काम, चहा, न्याहारी आणि दोन्ही वेळचं जेवण येतं. ठरवताना किराणा धरतात, गॅस धरतात. नारळ, आमसुलं, केळीची पानं घरच्या वाडीतली, म्हणून त्यांची किंमत धरत नाहीत. आणि हात घरचे, म्हणून त्यांचीही नाही. चादरी धुणं, विहिरीचं पाणी भरणं, पहाटेची चूल, रात्री अकराला भांडी आवरणं, यातलं काहीच हिशेबात नाही. माझं मत विचाराल तर या दरात घरच्या बायकांची मजुरी वेगळी धरली पाहिजे आणि ती त्यांच्या हातात पडली पाहिजे. पाहुणेही ती आनंदानं देतील. फक्त ती आहे हे त्यांना कळायला हवं. सूनबाईंनी स्वतःचं बँक खातं उघडलं आहे आणि पाहुण्यांना मोबाइलवर पैसे द्यायचे झाले तर ते त्या खात्यात जातात. हे त्यांनी मला हळू आवाजात, पण अभिमानानं सांगितलं.

मार्चमध्ये विहिरीचं पाणी खाली जातं. वाडीला तेव्हाच सगळ्यात जास्त पाणी लागतं, आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गर्दी असते. बादलीभर पाण्यात आंघोळ करणारा पाहुणा कुठला आणि नळ सोडून ठेवणारा कुठला हे घर ओळखतं, बोलून दाखवत नाही. याच दिवसांत शिमगा येतो. मुंबईचे चाकरमानी घरी येतात, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. तेव्हा ओटीवर झोपायचा हक्क मुलाचा, नातवांचा. त्या चार दिवसांत कासवांच्या पाहुण्यांना "या वेळी जमणार नाही" असं सांगणारी घरं मला भेटली. हंगामातली चांगली कमाई त्यांनी सोडून दिली होती. मला ती घरं फार आवडली.

सोन्याचा गणपती आणि वादळ

घरगुती पाहुणचारावर गाव उभं राहिल्याचं दुसरं उदाहरण खाडीपलीकडे, श्रीवर्धन तालुक्यात आहे. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत खणताना पेटी सापडली आणि तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा. दर्शनाला माणसं लोटली, आणि गावातल्या घरांवर 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशा पाट्या लागल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, देवळाचे दोन राखणदार मारले गेले, मुखवटा गेला. त्याबरोबर गर्दीही ओसरली आणि घराघरांतल्या गाद्या गुंडाळल्या गेल्या. मुखवट्याची पुन्हा स्थापना व्हायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला.

एका आकर्षणावर टेकलेल्या गावाचं हे भय वेळासलाही आहे. पिल्लं कधी निघतील हे कुणाच्या हातात नसतं. २०२० च्या मार्चमध्ये ऐन हंगामात टाळेबंदी आली. त्यातून सावरायच्या आत ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. कौलं उडाली, आणि त्याहून वाईट म्हणजे वाड्या झोपल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून फळ यायला सहा-सात वर्षं लागतात, नारळाला त्याहून जास्तही. घर महिन्यात शाकारता येतं; वाडी उभी राहायला मूल शाळेत जाईपर्यंत वाट पाहावी लागते. त्या काळात, टाळेबंदी उठल्यावर, पाहुण्यांचा पैसा हाच अनेक घरांना रोख आधार होता.

सरकारचं या साऱ्याकडे लक्ष नाही असं नाही. पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना जुनी आहे. घरमालक त्याच घरात राहत असला पाहिजे हा तिचा गाभा. २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' धोरण आलं, त्यात पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज शासन परत करतं. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेतही स्थानिकांना आपल्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे, ती घराचं जोतं आणि दर्शनी रूप न बदलण्याच्या अटीवर. कुणी अधिकारी ही अट अडचण म्हणून सांगतात. मला ती या साऱ्या व्यवस्थेचा कणा वाटते. जोतं वाढलं की खोल्या वाढतात, खोल्या वाढल्या की स्वयंपाकाला आचारी येतो, आणि मग घरचे लोक शेजारी राहायला जातात.

मागची खोली

परत आल्यावर रामदासपेठेतल्या मागच्या खोल्या मी पुन्हा नीट पाहिल्या. एका आजींकडे वणीजवळच्या गावातलं कुटुंब उतरलं होतं, मुलाचं ऑपरेशन होतं. आजींनी त्यांना गॅस वापरू दिला होता, आणि स्वतःच्या फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करून दिला होता. भाडं ठरलेलं होतं, घेतलंही जात होतं. "आमटी मी जास्त करतो न, त्यांना कुठं सुधरते आता रांधणं," आजी म्हणाल्या. इथे समुद्र नाही, महोत्सव नाही, कुणाला सुट्टी घालवायची नाही. पण पाणी कुठलं, चपला कुठे, कुठल्या खोलीत जायचं नाही हे इथेही पहिल्याच संध्याकाळी सांगितलं जातं, आणि सांगणारी बाईच असते. अशा घरांसाठी नागपुरात ना योजना आहे ना दरपत्रक. रुग्णालयांच्या वस्तीत ती असायला हवी, हे मी वेळासहून शिकून आले.

वेळासच्या काकूंचा मध्यंतरी फोन आला होता. सूनबाईंना घराच्या मागच्या अंगाला, जुन्या गोठ्याच्या जागी, संडास-बाथरूम जोडलेली एक खोली काढायची आहे. सकाळी सहाला मागच्या दारी रांग लागते, वयस्क पाहुण्यांचे हाल होतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. काकूंना भीती वेगळ्या दाराची. खोलीला रस्त्याकडून दार दिलं तर पाहुणा येईल, जाईल, घराला कळणारही नाही. महिनाभर घरात यावर बोलणं चाललं होतं. आता ठरलंय, गोठ्याचं जोतं आहे तेवढंच ठेवायचं, खोली त्यावरच बांधायची, आणि तिचं दार पडवीत उघडायचं. पावसाळा संपला की चिरे येतील. नोव्हेंबरात माद्या यायला लागायच्या आत काम उरकायचं आहे.